नानांचा कूलर
१४ मे १९९८, देवपूर

लॅपटॉपच्या पोटात पाणी!

महिनाभर तो मध्येच हँग व्हायचा, आज तर सुरूच होईना. मी टाइप करून देते त्या लोकांच्या लग्नपत्रिका त्यात अडकल्यात. शेवटी दुपारी मीच स्क्रू काढले. आत बारीक थेंब, हिरवा गंज. छत गळत नाही, कुणी काही सांडलेलं नाही. मग पाणी आलं कुठून? मान वर केली तर समोर कूलर.

सासऱ्यांचा. यंत्र उन्हानं तापतं म्हणून नानांनी आपल्या खाटेजवळचा कूलर माझ्या टेबलासमोर आणून ठेवला होता, आणि स्वतः ओला पंचा पांघरून झोपायचे. ती दमट हवा रोज आत जात होती. मला कसं कळलं नाही? कूलर!

"काय व्हयनं वं पोरी? तपी गयं का?" म्हणत, यंत्र तापलंच असं धरून नानांनी कूलर आणखी जवळ सरकवला, थेट उघड्या लॅपटॉपकडे. मी झडप घालून बटण बंद केलं.

"लाइट गई का?"

"हो, नाना."

वर पंखा गरगर फिरत होता. नानांनी त्याच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे.