आखाजीच्या खात्यातली युनिटं

मामा, आज दुपारभर मी फोनमधल्या हिशेबाच्या अ‍ॅपशी भांडत बसले होते. माझ्या सगळ्या ठेवी त्याने स्वतःच्या अकलेने लावून टाकलेल्या. सोन्याचे रोखे विम्यात, म्युच्युअल फंड बचत खात्यात, आणि पोस्टाचं एक सर्टिफिकेट चक्क 'इतर खर्च' या सदरात. ते शेवटचं पाहिलं आणि मला हसूच आवरेना. घरात कुणी नव्हतं म्हणून बरं, नाहीतर म्हातारी फोनकडे बघून हसते म्हणून पोरांनी डॉक्टर गाठला असता. एकेक ठेव उचलून जागच्या जागी लावली, चहा केला, आणि तुमच्याशी बोलावंसं वाटलं. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, म्हणून लिहायला बसले.

मी लग्न होऊन सुरतेला आले तेव्हा पर्वत पाटियाच्या त्या दोन खोल्यांत बाईमाणूस नव्हतं. सासूबाई माझ्या लग्नाआधीच गेलेल्या. हे सकाळी डबा घेऊन लूमच्या कारखान्यात जायचे ते दिवेलागणीला यायचे, आणि जेवता जेवताच पेंगायला लागायचे. शेजारणी सगळ्या गुजराती, आणि माझी गुजराती 'केम छो'पाशी संपायची. तुम्ही मार्केटात एका साड्यांच्या पेढीवर मेहताजी होता. उभा जन्म दुसऱ्याच्या वह्या लिहिण्यात गेलेला. सासऱ्यांना मामा म्हणायचं आणि त्यांच्यापुढे कमी बोलायचं, अशी दुहेरी शिकवण मी शिरपूरकडच्या माहेराहून घेऊन आले होते. त्यातली पहिली मी पाळली. दुसरी तुम्ही पाळू दिली नाहीत.

तुम्ही निवृत्त झालात तेव्हा शेठने रोख रक्कम दिली आणि वर पेढीतला जुना कॉम्प्युटरही दिला. त्यांना नवा घ्यायचा होता, हे तुम्हालाही कळत होतं, पण तुम्ही तो टेम्पोतून असा आणलात जशी काही नवी नवरी. टेबल नव्हतं, म्हणून सासूबाईंच्या शिलाई मशीनवर तो बसवला. त्यात घरगुती हिशेबाचा एक इंग्रजी प्रोग्राम होता. तुम्हाला हिशेब यायचा पण इंग्रजी बेताचं, माझं बारावीपर्यंतचं इंग्रजी होतं पण हिशेब यायचा नाही. दोघं मिळून एक शहाणं माणूस झालो.

दुपारची जेवणं झालेली असतात. मी ओट्यावरून ओलं फडकं फिरवते आहे आणि तुमची हाक येते, "पोरी, आठे ये." मी पदराला हात पुसत येऊन बसते. तुम्ही एका बोटाने आकडे मारता, मी पडद्यावरचे शब्द वाचून अर्थ सांगते. मालमत्ता कशाला म्हणायचं, देणं कशाला, व्याज मिळण्याआधी ते कुठे धरायचं, हे सगळं तुम्ही मला भाजीच्या हिशेबाने समजावता. मी चुकले की तुम्ही रागवत नाही, फक्त चष्मा काढून पुसायला लागता. चष्मा निघाला की मी समजते, कुठेतरी शेण खाल्लं. तिकडे डाळ करपली तरी तुम्ही आधी नोंद पुरी करायला लावता. करपलेली डाळ आपण किती वेळा मुकाट खाल्ली असेल.

मग त्या वर्षीचा तो अहवाल निघाला. तुम्ही जुन्या वहीतून भरलेल्या मागच्या वर्षांवरून प्रोग्राम पुढच्या वर्षाचा अंदाज काढायचा, आणि त्याने आपलं घर पार तोट्यात दाखवलं. तुम्ही तो कागद सोबतच्या प्रिंटरवर किर्रकिर्र छापून घेतलात आणि घडी करून खिशात घातलात. चार दिवसांनी जेवताना यांना सांगितलंत, की कडोदऱ्याला कापड रंगवणाऱ्या एका प्रोसेस हाउसच्या गोदामात ताके मोजायला माणूस हवा आहे, पुढच्या महिन्यापासून मी जातो. हे नुसते "बरं" म्हणाले. त्या दिवसांत तुम्हाला जिना चढून आल्यावर पाच मिनिटं बोलता यायचं नाही, इतका खोकला होता. कोऱ्या कापडाची धूळ आणि रंगाची वाफ, अशा जागी तुम्ही दिवसभर उभे राहणार. भाकरी थापता थापता मी मनाशी ठरवलं, तो अहवाल उद्या स्वतः तपासायचा.

दुसऱ्या दिवशी तुम्ही गोदामाच्या माणसाला भेटायला गेलात आणि मी कॉम्प्युटर लावला. घर तोट्यात कसं, हे मला पटत नव्हतं, कारण तुमच्यासारखा चिंगूस माणूस साऱ्या गल्लीत नव्हता. बघते तर सगळा तोटा एकाच सदरात साठलेला. त्या सदराचं नाव तुम्ही स्वतः टाकलं होतं, 'आखाजी'. त्यात अक्षय्य तृतीयेच्या पूजेची घागर होती, तिच्यावर ठेवायचं डांगराचं फळ होतं, रसाचे आंबे होते, ते सगळं ठीक. आणि त्यांच्याच रांगेत, युनिट ट्रस्टमध्ये पैसे गुंतवून घेतलेली माझ्या नावाची युनिटं होती. आखाजीला लेकी माहेरी जातात. बाप आधीच गेलेला, लग्नाच्या पहिल्याच वर्षी आईही गेली आणि मला जायला माहेरच उरलं नाही. तेव्हापासून दर आखाजीला तुम्ही माझ्या नावाने युनिटं घेत होता आणि कागद माझ्या हातात देत होता. मला ते ठाऊक होतं. ठाऊक नव्हतं ते एवढंच, की तुम्ही ती आंबे-डांगराच्या पंगतीत बसवली होती. शेठने दिलेली अर्धीअधिक रक्कम त्या वर्षी तिथेच गेली होती, आणि मशीन बिचारं समजत होतं की हे लोक दर आखाजीला एवढं खातात.

मी सगळी युनिटं उचलून गुंतवणुकीत टाकली. तोटा गेला. संध्याकाळी तुम्ही पाहिलंत, चष्मा काढलात, आणि या वेळी पुसला नाहीत. "दुसराना लिखेलवर हात फिरावानं नई," तुम्ही म्हणालात. "चुकनं व्हई तं उलटी नोंद कर. कारन लिख." आणि सगळं पुन्हा पहिल्यासारखं करून जेवायला बसलात. इतक्या वर्षांत तुम्ही मला रागावलात ते तेवढंच, आणि तेही हलक्या आवाजात. मला मात्र रात्रभर डोळा लागला नाही.

सकाळी तुमच्या पद्धतीने बसले. एकेका वर्षाच्या युनिटांची आधी खर्चातून उलटी नोंद, मग नवं गुंतवणूक खातं उघडून त्यात खरेदीची नोंद, किती युनिटं, काय भाव, आणि शेजारच्या चौकटीत कारण. कारणात मी लिहिलं, 'ही चीज घरात आहे, गेलेली नाही.' तुम्ही मागे उभे राहून वाचत होता.

"हाऊ पैसा तुन्हा शे, घरना नई," तुम्ही म्हणालात. "तुले दिधा, तो ग्या. ज्यानी परत येवानी वाट दखानी नई, त्याले खर्च म्हनतस."

मामा, माझ्या बापानेही मला असं काही कधी म्हटलं नव्हतं. डोळे भरून आले, पण रडत बसले असते तर तुम्ही कडोदऱ्याची बस पकडली असती. म्हणून म्हटलं, "मन्हा शे ना? मंग मन्हा पैसा मी मन्हा घरमा ठेवसू. तुम्हीन कडोदराले जावानं नई."

लेकीला दिलेल्यावर जगायचं नाही, ही आपल्याकडची रीत तुम्हाला सोडवत नव्हती. मी पुढे समजावलं, की युनिटं मोडायचीसुद्धा नाहीत, ती खर्च नाहीत एवढंच मशीनला सांगायचं आहे, मग शेठच्या उरलेल्या रकमेच्या व्याजात आणि यांच्या पगारात घर नीट चालतं. तुम्ही पाटी-पेन्सिल मागवून स्वतः आकडेमोड केलीत, कारण सुनेवर आणि मशीनवर एकदम विश्वास ठेवणं जड गेलं असणार. बेरीज जुळली. "तू तं वकीलच निंघनी," म्हणालात, आणि खाली उतरून गोदामवाल्याला एसटीडी बूथवरून फोन करून आलात. येताना माझ्यासाठी खमण आणलं होतंत.

तुम्ही नोकरीला गेला नाहीत. खोकला पुरता गेला नाही, पण निवला. त्यानंतरची जी वर्षं तुम्ही घरात होता, त्यांत मी तुमच्याकडून सगळा हिशेब शिकले. तुमच्या माघारी गल्लीतल्या दुकानदारांचे हिशेब घेतले, मग लूमवाल्यांचे, आणि पुढे यांचा कारखाना बंद पडला तेव्हा त्यावरच घर चाललं, पोरं शिकली. लोक म्हणतात बाई हुशार आहे. मी म्हणते, मला मामांनी शिकवलं. तुमचे उपकार फिटायचे नाहीत, आणि फेडावेत असं मला वाटतही नाही.

हे कुठे पाठवणार? घडी करून पिठाच्या डब्याच्या फळीवर ठेवीन, तिथे पोरं हात घालत नाहीत. पण लिहायला बसलेच आहे तर एक सांगून टाकते. तुमच्या छातीची काळजी मला होती, ती खरी होती. पण त्या दिवशी मी एवढी भांडले ती तेवढ्यासाठी नाही. तुम्ही कडोदऱ्याला गेला असता तर त्या दोन खोल्यांत दिवसभर माझ्याशी बोलणारं कुणीच उरलं नसतं, आणि त्याची मला फार भीती वाटत होती.