करडे कापड आणि टाकीचे पाणी

सतवा, दुबई
शुक्रवार, ता. १७ जुलै १९९८, दुपारी सव्वादोन. न्हाणीघरातल्या टबात कापड भिजत घातले आहे आणि त्याच्यावर नजर ठेवून, उपड्या बादलीवर बसून हे लिहीत आहे.

ती. दाजींच्या सेवेशी अंबादासचा साष्टांग नमस्कार.

आपला गुडघा आता कसा आहे? ताईला सांगा, मेतकूट पोहोचले (निम्मे रफिकने संपवले, तो माझ्या खोलीत राहतो आणि मेतकूट ब्रेडला लावून खातो). आईची तब्येत उत्तम आहे हे वाचून बरे वाटले. ती उत्तमच राहो. मात्र त्याबद्दल शेवटी थोडे लिहायचे आहे.

जुलैअखेर येतो असे मी कळवले होते. ते का होत नाही हे सविस्तर लिहितो, म्हणजे ताई मला बोल लावणार नाही. आमच्या दुकानात शाळेचे आणि सिक्युरिटीवाल्यांचे युनिफॉर्म शिवतात, हे आपणांस ठाऊक आहे. मे महिन्यात जबल अलीहून एक जर्मन साहेब आले. त्यांच्या गावी हौशी मंडळींचा क्लब आहे. ती मंडळी मागच्या महायुद्धातले कपडे हुबेहूब करून घेतात. साहेबांना हवे होते हिटलरच्या फौजेत टेलिफोनवर बसणाऱ्या बायकांचे युनिफॉर्म, करडा कोट आणि करडा स्कर्ट. साहेबांची आजी त्या बायकांपैकीच. तिच्या स्कर्टचा आगपेटीएवढा तुकडा ते प्लास्टिकमध्ये घालून पाकिटात बाळगतात (आपण अंगारा बाळगतो तसा). शेठांची मुलगी उर्वी तेव्हा दुकानात होती. ती म्हणाली, "डॅडी, दे वेअर द बॅड गाइज!" रणजितशेठ म्हणाले, "बेटा, पेमेंट गुड आहे." मग माझ्याकडे वळून, "अंबादास, कापड तू शोधायचं. सँपल पास झालं की पासपोर्ट तुझ्या हातात. इन्शाल्ला." (पासपोर्ट त्यांच्या कपाटात असतो. शेठ आपल्यातलेच, पण रजेचा विषय निघाला की त्यांना इन्शाल्ला आठवते.)

साहेबांनी मला धागा जाळून पाहायला शिकवले. केस जळल्याचा वास आला तर लोकर, कागद जळल्याचा आला तर रेयॉन, आणि वितळून बोटाला चिकटला तर पॉलिस्टर, म्हणजे बाद. आजीच्या कापडात लोकर आणि रेयॉन दोन्ही, कारण लढाईत लोकर पुरत नव्हती. मी नाईफच्या बाजारात दुकानोदुकानी धागे जाळत हिंडलो. हनीफ नावाच्या दुकानदाराने मला दंडाला धरून रस्त्यावर काढले. "ए भाई, कपडा लेने आया है या दुकान फूँकने? यल्ला, बाहर!" मी आणलेल्या प्रत्येक नमुन्यावरून साहेब बोट फिरवायचे आणि तेच म्हणायचे, यात चमक आहे, त्या काळी चमक नव्हती. शेवटी त्याच हनीफच्या माळ्यावर ओव्हरकोटाचा एक तागा मिळाला (दुबईत ओव्हरकोट कोण घालणार? म्हणून तो तिथेच पडून होता). वास बरोबर आला. चमक थोडी होतीच.

आता माझी चूक. नवे कापड पाण्यातून काढल्याशिवाय त्याला कातर लावायची नाही, ही आईची शिस्त. मी सँपलपुरते कापड गार पाण्यात घातले. पण इथे जुलैत गार पाण्याच्या नळालाही गच्चीवरच्या टाकीचे पाणी येते, आणि त्यात नुसती पूड टाकली तरी चहा होईल. इचलकरंजीत जन्मभर सूत पाहिलेल्या माणसाला लोकरीचे नखरे काय ठाऊक? कापड वाळले तेव्हा वीतभर आटलेले, जाड, खरखरीत, मेंढीनेसुद्धा परत घेतले नसते असे. शेठ ओरडले, "मीटरला ऐंशी दिरहम, म्हणजे नऊशे रुपये! तुझा पगार खलास!"

तेवढ्यात साहेबच आले. त्यांनी ते कापड उचलले आणि आजीचा तुकडा शेजारी धरला. मग रुमाल काढून डोळे टिपले. चमक गेली होती. तिथेच त्यांनी चाळीस जोडांची ऑर्डर दिली. (अप्पांच्या धोतराची चिंधीसुद्धा माझ्यापाशी नाही, असे माझ्या मनात आले. पण दुकानात गिऱ्हाईक असताना डोळे टिपण्याची पद्धत नाही.)

मी शेठांकडे पासपोर्ट मागितला. ते मनापासून हसले. "अरे वेड्या, तू गेलास तर कापड बिघडवणार कोण? ऑक्टोबरात टाकीचं पाणी निवतं. त्याआधी सगळा माल भिजवून घे. रजेचं पुढच्या वर्षी बघू." नापास झालो असतो तर पगार जाणार होता, पास झालो म्हणून रजा गेली. शुक्रवारची सुट्टीही या टबात बुडाली आहे. बाकी सर्व ठीक.

आपला,
अंबादास

ता. क. मेतकूट पुन्हा पाठवू नये. रफिकला सवय लागली आहे.

ता. क. दुसरा. पत्र लिहिण्याचे खरे कारण असे की, हे मिळताच आई अत्यवस्थ असल्याची तार शेठांच्या नावे करावी. आईला कळू देऊ नये, नाहीतर ती खरोखरच अंथरूण धरेल.

ता. क. तिसरा. गेल्या वर्षीसारखे नुसते 'सिरियस, लवकर ये' लिहू नये. अप्पांची ती तार वाचून शेठ म्हणाले होते, "उन्हाळा आला की सगळ्यांचे बाप आजारी पडतात." अप्पा गेल्याची दुसरी तार आली तेव्हा त्यांचा दहावाही होऊन गेला होता. या वेळी डॉक्टरचे नाव, दवाखाना, खाटेचा नंबर, सगळे घालावे. ती तार खरी होती, म्हणून आपण घाईत लिहिलीत. ही सावकाश, हुबेहूब लिहावी.