उभ्या चिठ्ठ्या

११ ऑक्टो., शनि.
काका म्हणतात रोज चार ओळी लिहा, हात वळेल. चौथी पास बाईचा हात पन्नाशीत काय वळणार, डोंबल! पण लिहिते. दुपारी ते सांगतात, मी त्यांचं पुस्तक वहीत उतरवते. त्यांना आता भिंग धरूनही मोठंच अक्षर दिसतं. त्यांची लेक मेधा इथे परदेशातच वाढली, तिला मराठी बोलता येतं, लिहिता नाही.
आज दिवाळीची साफसफाई. मेधाचं घर मोठं, मी इथे कामाला, आवरणारी एकटी. काकांच्या खोलीत बुटांचे अकरा खोके, पुस्तकासाठी जमवलेल्या चिठ्ठ्यांनी भरलेले. काही आडव्या, काही उभ्या खुपसून वर आलेल्या. एकाही खोक्याचं झाकण बसेना. काका डोळ्यांच्या डॉ.कडे गेले होते. सगळ्या पुसल्या, आडव्या लावल्या, झाकणं बसवली. आता खोली खोलीसारखी दिसते.

१२ ऑक्टो., रवि.
काका चहा पिऊन म्हणतात, "मीठ जरा कमी पडलं." मी धावत डबा हुंगून आले. साखरच होती. तोंडावरची सुरकुती न हलवता थट्टा करतात. एवढे प्रोफेसर होते, पण वांड.

१४ ऑक्टो., मंगळ.
काकांनी चांदा जिल्ह्याचा खोका मागितला. बोट फिरवत राहिले. मग दुसरा मागितला, मग तिसरा.
"सुनंदाबाई, एकही उभी नाही."
"मग?"
"उभी म्हणजे शंका. नुसतं ऐकलेलं. कागद सापडला की मी ती आडवी करतो." मग स्वतःशीच, "सगळ्या शंका फिटल्या? कधी फिटवल्या मी?"
मी तिन्ही खोके उचलून परत जागेवर ठेवले.

१६ ऑक्टो., गुरु.
आज उतरवलं ते असं. नागपूरचा राजा वारला, मूल नाही, दत्तक इंग्रजांनी मानला नाही, राज्य गिळलं. त्याचा केला नागपूर प्रांत. नागपूर, भंडारा, चांदा, छिंदवाडा, छत्तीसगड. १८५४ ते १८६१. मग उचलून मध्य प्रांतात टाकला, नाव संपलं. म्हटलं, सात वर्षं? माझा संसार याहून टिकला. काका हसले, पण अर्धंच. माझं गाव भंडाऱ्याचं. त्या सात वर्षांत गावच्या माणसाचं काय झालं हे कोणी लिहिलं नाही म्हणून ते लिहितात.
पुढच्या चिठ्ठीला अडलं. राणी इंग्रजांना म्हणाली, सामान हलवाल तर वाडा पेटवून देईन.
"लिहू?"
"थांबा. चिठ्ठी आडवी आहे. म्हणजे पुरावा मिळालाय मला. कुठला?"
तासभर डोकं धरून बसले. एक ओळ नाही.
संध्याकाळी लेकीला म्हणाले, "मेधा, माझं डोकं जायला लागलं गं."
मे. स्वयंपाकघरात आली. "मावशी, मला वाटतच होतं. मेमरी टेस्टची अपॉइंटमेंट घेते. चाळीस मिनिटांवर एक चांगलं प्लेस पण आहे, मेमरी केअरचं. तिथे त्यांची नीट काळजी घेतील."
काका तिथे गेले तर माझं इथे काय काम? वरची खोली सोडायची. आणि खरं सांगितलं तर ती हाकलणार, तरी खोली सोडायचीच. हे गेल्यापासून दुसरं छप्पर नाही मला या मुलखात.

१८ ऑक्टो., शनि.
मे. भाजीला, काका आंघोळीला. खोके उघडले. कुठली उभी होती आठवेना. वर आलेल्या टोकावर धुळीची रेघ होती, तिच्यावरून ओळखू आली असती. ती मीच ओल्या फडक्यानं पुसली.
काका जेवले नाहीत. "सुनंदाबाई, मी काल काय सांगितलं ते वाचा." वाचलं. "हे मीच सांगितलं?" विचारतात.
तुम्हीच हो. तुम्हीच.

२१ ऑक्टो., मंगळ. लक्ष्मीपूजन
मे. ऑफिसातून यायची होती. पणत्या लावता लावता सांगून टाकलं. "काका, तुमच्या डोक्याला काही झालं नाही. चिठ्ठ्या मी आडव्या केल्या. झाकण बसत नव्हतं."
मला वाटलं आता आपलं सामान बांधावं.
"झाकण!" म्हणाले आणि खोकला येईपर्यंत हसले. "अहो, इंग्रजांनीही आमचा प्रांत झाकण बसावं म्हणूनच मिटवला!"
मग डोळे पुसले. "सगळ्या उभ्या करा. पहिलीपासून तपासू. तुम्ही वाचा, मी सांगतो."
चार खोक्यांतल्या उभ्या करून झाल्या. दोन करंज्या खाल्ल्या त्यांनी.

२२ ऑक्टो., बुध.
सकाळी मे.ला चिठ्ठ्यांचं सांगितलं. तिनं माझा हात धरला. "मावशी, तुम्ही किती गोड आहात. पण प्लीज, त्यांना कव्हर नका करू."
गोड! मला! जन्मात पहिल्यांदा कोणी म्हटलं, तेही खोटारडी समजून.
म्हटलं, जा, बापाला विचार. विचारलं. काकांनी तसंच सांगितलं, झाकणासकट. बाहेर येऊन मला म्हणते, "तुम्हीच शिकवलंत ना त्यांना असं म्हणायला?"
काहून शिकवू बापा मी? पण तिचे डोळे भरलेले. उद्या नऊची अपॉइंटमेंट तशीच आहे.
दुपारपर्यंत अकराही खोके झाले, सगळ्या चिठ्ठ्या उभ्या. काका खुर्चीत बसले, भिंग डोळ्याला. पहिल्या खोक्यावरून बोट फिरवलं. थांबले.
"सुनंदाबाई, या सगळ्या उभ्या कोणी केल्या हो?"
मी तोंडाकडे पाहिलं. सुरकुती हलली नाही. मिठाच्या वेळी तरी कुठे हलली होती.
म्हटलं, "तुम्हीच करायला सांगितल्या ना, काल."
"हो का," म्हणाले. पहिली चिठ्ठी काढून माझ्या हातात दिली. मी वाचली. त्यांनी गाव, साल, कागद कुठे आहे, सगळं धडाधड सांगितलं. ती आडवी केली. दुसरी दिली. तीही.
तिसरीला म्हणाले, "हिचं माहीत नाही. राहू द्या उभी."
सहा वाजत आले. मे. येईल. तिला काय सांगू? धडाधड आठवलेल्या चिठ्ठ्यांचं सांगायचं, की ‘उभ्या कोणी केल्या’ हा प्रश्न पण सांगायचा?