कापडावरची तहसील

बाबा, तुमची ती तहसील आता सगळ्यांना पुन्हा हवी झाली आहे. साध्या दाखल्यासाठी दोन बस बदलाव्या लागतात, म्हणून आसपासच्या गावांनी मिळून अर्ज करायचं ठरवलं. तर जिल्ह्याचे साहेब म्हणाले, पूर्वी इथे तहसील होती याला पुरावा काय? पोरं जुनी दप्तरं धुंडाळून आली, हाती काही लागलं नाही. दोन महायुद्धांच्या मधली काही वर्षं इथे कचेरी होती, शिपाई होते, तासाला घंटा वाजायची. मग एक हुकूम निघाला, अर्धी गावं इकडे गेली, अर्धी तिकडे, आणि कचेरीच्या आवारात ढोरांचा कोंडवाडा झाला. हे सगळं तुम्हीच सांगायचात.

तुम्ही तिथले नकाशे उतरवणारे कारकून. कचेरी मोडली त्या दिवशी स्वतःच्या हातानं उतरवलेला नकाशा घरी आणलात, चकचकीत खळीच्या कापडावरचा. लग्नाच्या पंगतीत लोक म्हणायचे, ‘या तहसीलदार, तहसील कुठी ठेवून आले?’ तुम्ही हसून पाटावर बसायचात. मला राग यायचा तो तुमचा, त्यांचा नाही.

माझं पहिलं बाळंतपण तुमच्याच घरी झालं. आई नव्हती, सगळं आत्याबाई करायच्या. बाळाच्या अंगाला जाडंभरडं कापड टोचायचं. आत्याबाईंनी सांगितलं, नकाशाचं कापड उकळलं की खळ निघून जाते, खाली मलमल राहते. पटवाऱ्यांच्या घरी लेकरांची झबली त्याचीच असतात. तुम्ही वावरात गेला होतात. मी पेटीतून नकाशा काढला, सोड्याच्या पाण्यात घातला आणि काठीनं ढवळत राहिले. आधी निळी शाई सुटली, मग पाणी गढूळ झालं. चार उकळ्यांत सगळी गावं गेली. कापड मात्र खरंच सायीसारखं निघालं हो.

तुम्ही आलात तेव्हा बाळ त्यात गुंडाळलेलं. तुम्ही कड बोटांत धरून पाहिलीत. मी घाबरले होते, म्हणून तोंडच आधी सुटलं. “काऊन पाहून राह्यले बाबा? तहसील तं सरकारनंच पुसली. म्या फक्त कापड धुतलं.”

तुम्ही कड सोडलीत. मग बाळाच्या पायांवर ते कापड नीट केलंत.

“पोराले ऊब लागते न? मंग झालं. कोनाच्या तरी कामी आली.”

त्यानंतर तहसिलीचं नाव तुमच्या तोंडून मी ऐकलं नाही.

तेच बाळ आता साठीला टेकलंय, आणि अर्जाचं सगळं तोच बघतो. परवा चार जणांना घेऊन आला. आबाजीजवळ, म्हणजे तुमच्याजवळ, नकाशा होता म्हणतात, तू पाहिला होतास काय, म्हणून विचारलं. सगळे माझ्या तोंडाकडे बघत होते.

“कोठचा नकाशा, बाप्पा,” मी म्हणाले. “माह्ये बाबा गोष्टी सांगत, लोक हसत.”

तेही हसले, चहा पिऊन उठले. अर्ज पुराव्याविना गेला. इतक्या वर्षांनी मीही त्या पंगतीतल्या लोकांत जाऊन बसले, बाबा, आणि ते हसण्यावारी न्यायलासुद्धा तुम्ही नव्हतात.

पोराला खरं सांगावं म्हणते, पण तो समोर आला की चहा ठेवायला उठते. आणि सांगून तरी काय हाती लागणार? कालपासून कागद घेऊन बसते, आठवून नकाशा काढावा म्हणून. म्हातारीच्या हातचं चित्र कोणी पुरावा मानणार नाही, तरी बसते. शाळा मी जेमतेम पाहिली. वाचायला शिकले ती त्या नकाशावरच. तुमचं बोट गावावर, आणि नाव मी म्हणायचं. नदीच्या अलीकडची गावं आठवतात, केळझर येतं, आंजी येते. पलीकडे गेलं की हात थांबतो.

हे पत्र कुठल्या पत्त्यावर टाकू? राहील माझ्या उशाखाली. एवढंच सांगते, नदीपलीकडची गावं तुम्ही म्हणवून घ्यायचात ना, तेव्हा मला खेळायला पळायची घाई असायची. मी नुसते ओठ हलवत होते.