दोन रात्री टेकायला

तर विनी, सगळ्यात आधी आला तो कुत्रा. दार वाजलं म्हणून उघडलं तर पायरीवर माणूस नाही, खाली हा उभा, लांबडा, फासळ्या दिसणारा, पावसानं निथळणारा. मी "कुणाचा रे तू?" म्हणेपर्यंत माझ्या पायांमधून आत शिरून शेगडीपुढच्या गालिच्यावर पसरलासुद्धा. त्याच्यामागून आली बाबागाडी. तिच्यात पोर नव्हतं, टीव्ही होता, टीव्हीला रेनकोट घातलेला. पोर मागून भिजत चाललं होतं, डोक्यावर पातेलं. मग दोन्ही हातांत काळ्या पिशव्या (कचऱ्याच्या असतात ना, त्या) घेऊन शॅनन, आणि सगळ्यांत शेवटी, समोरच्या फुटपाथवर उभा राहून आपल्या गल्लीची छपरं जणू पहिल्यांदाच बघतोय असा, आपल्या लिंडाचा कॅलम. माझा एवढा सहा फुटी नातू, आणि मान अशी खाली की मला वाटलं कुणीतरी गेलं. "नॅन," म्हणाला, "दोन रात्री क्रॅश होऊ का तुझ्याकडे?" मी म्हटलं, "मेल्या, आधी आत ये, सगळी ऊब बाहेर चाललीय." हे नोव्हेंबर लागताना. आता गल्लीत ख्रिसमसचे दिवे लागलेत आणि ती दुसरी रात्र अजून संपायचीय.

पण हे काय, मी दारातूनच सुरुवात केली. माझी थोरली बहीण विनी हिला धाकट्या डोरीनचं मनापासून प्रेम. मोरकमच्या त्या समुद्रावरच्या वाऱ्यात तुझी छाती बरी आहे ना, गुडघा कसा आहे, खालच्या मजल्यावरची ती बाई अजून तुझ्या दुधाच्या बाटल्या उचलते का, सगळं सविस्तर कळव. मी ठीक आहे. कुरकुर करण्यासारखं काही नाही. (पाय सुजतात, पण ते शरीराच्या पार टोकाला आहेत, तिकडे रोज कोण बघायला जातं.) माझं लिहिणं तुला माहीतच आहे. शाळेत मी गेले ती फुकटचं दूध प्यायला, असं तूच सगळ्यांना सांगायचीस. तेव्हा जिथं वाचता येणार नाही तिथं मी काहीतरी चांगलं म्हटलंय असं धरून पुढे जा.

तर झालं असं की ज्या घरात ही पोरं भाड्यानं राहत होती ते मालकानं विकायला काढलं. मालक माणूस वाईट नव्हता म्हणे, जाताना पॉपीला चॉकलेट दिलं. (पॉपी म्हणजे ती पातेलंवाली, कॅलम-शॅननची लेक, चार वर्षांची.) दुसरं घर बघायला जावं तर भाडं असं सांगतात की ऐकून माणसानं आधी खुर्ची मागावी. तेव्हा वसंतापासून ही मंडळी मित्रांच्या सोफ्यांवर. एक सोफा झाला की दुसरा. याला हल्ली सोफा-सर्फिंग म्हणतात, विनी. मला आधी वाटलं काहीतरी गंमत असेल, लाटांवर फळी घेऊन जातात तशी. शॅनन म्हणाली, "तसंच आहे, नॅन. फक्त पाणी नसतं आणि किनारापण नसतो." लिंडाला फोन लावला. ती तिकडे तेनेरीफ बेटावर त्या बारवाल्याबरोबर. आधी रडली, मग ऊन कसं पडलंय ते सांगितलं.

आणि मी खुर्चीत बसून विचार करत होते (या खुर्चीत विचारच होतात, झोप होत नाही, पण ते पुढं सांगते) की आपल्याकडे या गोष्टीला शब्द तरी किती! नीट पलंगावर, दाराला आतून कडी घालून झोपायचं तर एकच साधा शब्द. पलंग गेला की शब्दांचा ढीग येतो, आणि सगळे कसे हसत हसत येतात. आपली आई शेकडाउन म्हणायची, आठवतं? पाहुणा आला की स्वयंपाकघरातल्या फरशीवर गोधड्या झटकून टाकायच्या आणि म्हणायचं, "शेकडाउन घालते, काही त्रास नाही." आपण चौघी बहिणी एका पलंगावर, दोघींची डोकी इकडे, दोघींची तिकडे, आणि तुझे पाय माझ्या तोंडाशी. (बर्फाचे होते तुझे पाय. अजून आहेत का?) माझा स्टॅन किप म्हणायचा. गिरणीत रात्रपाळीला सुताच्या गाठोड्यांवर एक किप काढून यायचा, आणि घरी आल्यावर थकल्याचं सोंग करायचा. डॉस हा शब्द मात्र बाबांसमोर काढायची सोय नव्हती. ते तरुणपणी कामाच्या शोधात गावोगाव हिंडले, रात्री डॉस-हाउसात, म्हणजे चार पैशांच्या रातनिवाऱ्यात काढल्या, तिथं म्हणे एक दोर बांधलेला असायचा आणि माणसं त्यावर काखा अडकवून बसल्या बसल्या झोपायची. बाबा एवढंच सांगायचे आणि मग वर्तमानपत्र तोंडापुढं धरायचे. आता कॅलम क्रॅश म्हणतो. शब्द बदलतात, पाठ तीच. पण एक सांगू? या शब्दांचा उपयोग आहे. 'मला कुठं जायला जागा नाही' असं पोरानं दारात उभं राहून म्हणायचं तर त्याची जीभ झडेल, आणि मला ऐकवणार नाही. 'दोन रात्री टेकतो' म्हटलं की मी 'टेक की' म्हणते, आणि दोघांचीही अब्रू राहते. मग त्या दोन रात्री कुणी मोजत नाही.

झोपायची व्यवस्था अशी. माझ्या पलंगावर शॅनन, पॉपी आणि मधोमध कुत्रा. (त्याला खाली उतरवायला गेलं की तो मेल्याचं सोंग करतो. स्टॅनच तो.) कॅलम सोफ्यावर, पण सोफा त्याच्या गुडघ्यांपर्यंतच येतो, तिथून पुढचा कॅलम स्टुलावर. मागच्या खोलीत छत गळतं, तिथं बादली झोपते. आणि मी स्टॅनच्या खुर्चीत. घर कसं भरलंय गं, विनी! स्टॅन गेल्यापासून दोन वर्षं मी रेडिओशी बोलत होते, बातम्या देणाऱ्याला उत्तरं देत होते. आता बटाटे सोलायला घेतले की भांडं भरतं, चहाची मोठी किटली काढली, तिच्यातलं कोळ्याचं जाळं साफ केलं. मी मनातल्या मनात नाचते. फक्त एक गोष्ट बघवत नाही. सकाळी मी डोळे उघडते तेव्हा सोफा कोरा करकरीत असतो. पांघरूण घडी करून पिशवीत, उशी कपाटामागे, जणू इथं कुणी झोपलंच नव्हतं. कॅलमचा टूथब्रश कोटाच्या खिशात असतो. मी तो उचलून माझ्या पेल्यात ठेवला, तर संध्याकाळी परत खिशात. "सवय लागलीय, नॅन," म्हणाला. पॉपी फ्रिज उघडायच्या आधी विचारते. पाणी प्यायच्या आधीही विचारते. असं शहाणं पोर मी आयुष्यात पाहिलं नाही, आणि मला ते शहाणपण आवडत नाही.

मग आली कौन्सिलची बाई. नसीमा नाव, पोरगीच, हिची आजी आणि मी एकाच गिरणीत होतो, एकाच ओळीत. कॅलमनं कौन्सिलच्या स्वस्त भाड्याच्या घरासाठी अर्ज टाकलाय, तर ही मंडळी कुठं नि कशी राहतात ते बघायला आली. आता तूच सांग, घरी कुणी येणार म्हटल्यावर आपण काय करतो? मी दोन दिवस घासत होते. पिशव्या जिन्याखाली ढकलल्या. बादली रिकामी करून अंगणात नेली. ओलीचा तो मोठा डाग आहे ना, घोड्यासारखा, त्यावर दीपगृहाचं कॅलेंडर लावलं. आल्याचा केक केला. चांगले कप काढले. नसीमा बसली, म्हणाली, "तुम्ही कुठं झोपता, मिसेस क्लेग?" मी म्हटलं, "ह्या खुर्चीत. राणीसारखी." "मग अवघड नाही होत?" "छे गं पोरी, काही त्रास नाही." "या वयात, रोज?" "मला खुर्चीच आवडते." तिनं लेखणी थांबवली आणि माझ्याकडे असं बघितलं, जसं आपण रस्ता ओलांडणाऱ्या आंधळ्याकडे बघतो. "थोडा तरी त्रास होत असेल ना? अगदी थोडा?" मी म्हटलं, "माझी माणसं मला कधी जड झाली नाहीत. हवी तेवढी राहू देत. आणखी केक घे." कॅलम तिच्यामागे उभा होता, त्यानं डोळे मिटून घेतले. मला वाटलं, भरून आलं असेल.

दारापर्यंत सोडायला गेले तेव्हा नसीमानं हळू आवाजात सांगितलं. नियम असा आहे की आजी 'या, राहा' म्हणते तोवर यांच्या डोक्यावर छप्पर आहे. छप्पर आहे म्हणजे घाई नाही, म्हणजे रांगेत पार मागे, वर्षं जातील. आजीला झेपत नाही, आजी यांना घरात ठेवू शकत नाही, असं असेल तरच यांना बेघर धरता येतं. "मी पुन्हा एकदा येईन," म्हणाली. "तेव्हा कॅलेंडर नका लावू." आत आले तर कॅलम कप गोळा करत होता. मग म्हणाला, "नॅन, तू इतकी छान वागलीस की आमचं घर गेलं." हसला, आम्ही सगळे हसलो, पॉपीही हसली, तिला काही कळलं नव्हतं. नंतर तो कुत्र्याला घेऊन पावसात बाहेर गेला आणि कुत्रा एकटाच आधी परत आला. शेजारची मिसेस एंट्विसल भिंतीवरून म्हणाली, "काय डोरीन, लॉज काढलंस वाटतं?" मी म्हटलं, "हो, तुझ्यासाठी बादलीशेजारी जागा आहे."

तर असं आमचं मजेत चाललंय. केकचा तुकडा कागदात गुंडाळून पाठवला असता, पण उरला नाही. तुझ्या मांजराला सांग, इथं आता त्याच्यासाठी जागा राहिली नाही. तुझ्या पायांना गरम पाण्याची पिशवी लाव आणि माझी आठवण काढ.

तुझीच धाकटी,
डोरीन

ता. क. विनी, हे पत्र खरं तर एका कामासाठी लिहिलंय. नसीमाला द्यायला मला या पोरांना घराबाहेर काढायचं पत्र लिहायचंय. माझ्या हातचं, सहीचं, अमुक तारखेनंतर इथं राहता येणार नाही असं स्पष्ट. खोटं एक अक्षर नको, असं नसीमा म्हणाली, खरंच लिहायचं, आणि तेच हातून उतरत नाही. खरं एवढंच की मला हे झेपत नाही. डॉक्टरनं पाय बघून सांगितलं, रात्रीचं खुर्चीत झोपणं बंद. पहिल्यांदा लिहिलं ते असं: 'प्रिय कॅलम, नाइलाजानं कळवते की तुम्ही आता निघावं, पण रविवारचं जेवण झाल्याशिवाय नको, आणि पॉपीचा खोकला जाईपर्यंत तर मुळीच नको.' शॅनननं वाचलं, म्हणाली, "नॅन, हे आमंत्रण झालं." दुसऱ्यांदा कुत्र्याबद्दल दोन कडक ओळी लिहिल्या. त्याही खोडल्या, तो समोरच बसला होता. तू तुझ्या आर्थरला दोनदा घराबाहेर काढलंस, एकदा तर त्याच्या वाढदिवसाला, आणि दोन्ही वेळा लेखी. तसं एक मला लिहून पाठव. मी उतरवून सही करीन. गोड काही घालू नकोस. तुला जमेल.

ता. क. दुसरा. पण घाई नाही हं. तुझा गुडघा दुखतो, पोस्टापर्यंत कशाला धावतेस? स्वस्तातलं तिकीट लाव, ते पत्र रमतगमत येतं. ख्रिसमससाठी मी मोठा टर्की सांगून ठेवलाय, तो एकटीनं कसा संपवणार? नसीमाला काय, बिचारीला शंभर घरं असतील. जानेवारीत आलं तरी चालेल. फेब्रुवारीही काही वाईट महिना नाही.

ता. क. शेवटचा. पाकीट चिकटवलं होतं, ते फाडून हे लिहितेय. आत्ता दुपारी पॉपी जिन्यावरून घसरली, खालच्या तीन पायऱ्या, गुडघा फुटला. आवाज ऐकून मी धावले तर पोर खाली बसलेलं, ओठ घट्ट दाबलेले, रक्त मोज्यापर्यंत, आणि तोंडातून हूं की चूं नाही. माझ्याकडे बघून विचारते, "नॅन, या घरात रडलं तर चालतं का?" मी म्हटलं, रड बाळा, छप्पर उडेल असं रड. तर तिनं आधी आईकडे बघितलं. शॅनननं सवयीनं ओठांवर बोट ठेवलेलं होतं, विनी, आणि तिला ते ठेवल्याचं कळलंही नव्हतं.

महागातलं तिकीट लाव. आजच लिही, आणि जेवढं कडक लिहिता येईल तेवढं लिही. नसीमा येत्या गुरुवारी परत येणार आहे.