सरळ धावलेली बोट

दि. १४, मंगळवार, दुपार

ती. वन्संना,

तुमच्या भावजयीचा पाया पडून नमस्कार. देवाच्या कृपेने इकडे सगळे बरे आहोत. तुमचा गुडघा कसा आहे? तेलाची बाटली संपली असं वाटलं तरी टाकू नका, उलटी करून ठेवली की आणखी दोन-तीन दिवस निघतात. हा कागद जुन्या कॅलेंडरची पाठ आहे, हसू नका. एवढी पांढरी बाजू फेकवत नाही.

फोनच केला असता. पण घर दोन खोल्यांचं, आणि मी रिसीव्हर उचलला की तुमच्या भावाचा रेडिओ आपोआप बारीक होतो. म्हणून पत्र.

यांच्या बोटीचं तुम्हाला माहीत आहेच. बॅटरीची, रिमोटवर पळणारी, हातभर लांब. शाळेची बस लावून आले की संध्याकाळी बागेतल्या तळ्यावर. पुढच्या महिन्यात तिथे शर्यत आहे, त्यामुळे घरात सध्या बोट आधी आणि आपण नंतर.

बरेच दिवस ती नीट चालत नव्हती. जोरात सोडली की डुलायची आणि मग उजवीकडे ओढत काठाला जायची. यांनी बॅटरी बोटभर मागे सरकवली. डुलणं थांबलं, ओढणं थांबेना. बोटीच्या मागे पाण्याला टेकणाऱ्या पत्र्याच्या दोन पट्ट्या असतात. त्यातली डावी जरा खाली वाकवली, म्हणजे त्या बाजूला पाणी अडतं आणि बोट डावीकडे येते. तेही पुरेना, मग सुकाणूच थोडं डावीकडे फिरवून पक्कं केलं. रोज रात्रीच्या जेवणाआधी टेबलावर स्क्रू आणि पाने. मी म्हटलं, "ताटं मांडू की बोट वाढू?" तर म्हणाले, "पाच मिनिटं गं, आज सापडेल रोग."

रोग सापडेल. असंच म्हणाले.

यांचे दोस्त शिंपीदादा तळ्यावर येतात. ते चिडवायचे, "बसवाले, बोटीलाही थांबे दिसतात वाटतं, दर वेळी कडेला घेता ती!" हे हसायचे. पण घरी येताना वाटभर बोट उलटीपालटी करून बघायचे.

वन्सं, मधे एक दिवस शर्टाचं बटण माझ्याकडून लावून घेतलं. म्हणाले, काज लहान झालंय. मी शिवणटिपणाची बाई, काज लहान होत नाही हे मला कळतं. पण लावलं. बस शाळेच्या फाटकाच्या खांबाला घासली तेव्हा खांब पुढे आलाय म्हणाले. तेही ऐकलं. ऐकून घेतलं म्हणजे खरं होतं, असं काहीतरी माझ्या मनात होतं.

रविवारी मला तळ्यावर घेऊन गेले. बोट सोडली, आणि काय सांगू, तळ्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत रेघ मारल्यासारखी गेली. डुलली नाही, ओढली नाही. "बघितलंस? बसली! स्थिर झाली!" म्हणाले. किती दिवसांनी तो चेहरा बघितला. शिंपीदादांनी टाळ्या वाजवल्या. मी मनात देवाला हात जोडले.

मग मला म्हणाले, "घे, तूही चालव एकदा."

रिमोट पिस्तुलासारखा असतो. डाव्या हातात धरून बोटाने वेग द्यायचा, उजव्या हाताने चाक फिरवायचं. मी वेग दिला आणि बोट डावीकडे वळली. "चाक सरळ धर गं," हे म्हणाले. मी सरळ धरलं. पुन्हा डावीकडे. "अगं, तू दाबतेयस ते." मग मी चाकावरचा हातच काढला. आत स्प्रिंग असते, हात काढला की चाक आपणहून मधे येतं. तरी बोट गोल गोल डावीकडेच फिरत राहिली.

पहिल्यांदा मला आनंदच झाला, बोट वाकडी आहे म्हणून. देवाजवळ मी तेच मागत होते, की दोष बोटीत निघू दे.

पण मी हिशेब ठेवणारी बाई, ताळा केल्याशिवाय राहवत नाही. जमेत चूक आणि खर्चातही तेवढीच चूक झाली की शिल्लक बरोबर येते. बोट डावीकडे वळणारी. मग यांच्या हातात सरळ कशी गेली? मी यांच्या उजव्या हाताकडे बघितलं. रिमोट माझ्याकडे होता, तरी बोटं चाक धरल्यासारखी मिटलेली. ती सुटतच नाहीत, वन्सं. चाक थोडं उजवीकडेच राहतं, आणि यांना ते कळत नाही. डुलणं सोडलं तर बोट पहिल्यापासून चांगली होती. यांनी ती आपल्या हाताच्या मापाने वाकडी करून घेतली.

त्यांनीही माझी नजर बघितली. रिमोट घेतला, बोट काठाला आणली, टॉवेलने पुसली. शिंपीदादांना म्हणाले, "हिला जमत नाही."

घरी मी म्हटलं, "डॉक्टरांना दाखवू या."

"शर्यत होऊ दे."

"आणि बस?"

"बसचं चाक मोठं असतं. दोन्ही हातांनी धरतो मी." मग म्हणाले, "ताईला कळवू नकोस. ती नर्सबाई लगेच पिशवी भरून येईल."

म्हणूनच कळवतेय. पिशवी भरा. मामंजींचंही असंच बटणापासून सुरू झालं होतं का, ते मला खरं सांगा. पत्रात नको, इथे येऊन सांगा.

काल ते बस घेऊन गेले. मी देवापुढे बसले, पण तोंडात नाव आणि कानात रस्ता. खालच्या मजल्यावरची पोर त्याच बसमध्ये खिडकीशी बसते, दोन वेण्या घालून. तीच डोळ्यांपुढून हलेना.

तुम्हाला पत्र मिळेपर्यंत थांबणं मला जमलं नाही. आज सकाळी मुलं शाळेत उतरल्यावर मी मुख्याध्यापिकांना भेटून आले. सगळं सांगितलं. त्या चांगल्या आहेत, माझा हात धरला. दुपारची फेरी दुसरा माणूस नेणार आहे. माझं नाव सांगणार नाही म्हणाल्या. मी होय म्हटलं, आणि घरी येईपर्यंत ते होय मला टोचत राहिलं.

एव्हाना त्यांनी यांच्याकडून किल्ली घेतली असेल. हे चालत येत असतील. शाळेवर चिडतील, खांबावर चिडतील, सगळ्यांवर चिडतील, आणि मी पाणी देऊन गप्प बसले तर कधी कळणारही नाही. पण मग मीही एक पट्टी वाकवून ठेवल्यासारखं होईल, आणि त्यापुढे या घरात जे काही सरळ दिसेल ते खोटं असेल.

जिन्यात पावलं वाजतायत. दार उघडते आणि आधी माझंच नाव सांगते.

तुमच्या भावाच्या हातून किल्ली काढून घेणारी,
आणि तोच हात धरून बसणारी,
तुमची भावजय