एकविसावी प्रत

नाशिक,
८ जानेवारी २००४

प्रिय सवू,

आठ वर्षांनी पत्र लिहितेय, तेही पिठाच्या डब्यावर कागद ठेवून, तेव्हा अक्षराला नावं ठेवू नकोस. हे अंबडला कारखान्यात गेलेत, दीडला जेवायला येतील. तोवर लिहून आमच्या कामवाल्या साळूबाईंकडे देते. त्या उद्या पेठला निघाल्यात. त्यांची नात तू शिकवतेस त्याच शाळेत आहे. तुझ्या खिडकीत अजून तो जस्ताचा पत्रा टेकवलेला असतो, हे मला त्यांच्याकडूनच कळलं.

त्र्याण्णव साल आठवतं? तू मला आमच्या गच्चीच्या कठड्यावर बसवलं होतंस. नुकतीच न्हालेली मी, केस मोकळे, पाय खाली सोडलेले, आणि तुझ्या कसल्याशा चावटपणावर तोंडभरून हसत होते. तू ते पत्र्यावर सुईने कोरलंस, वीस प्रती छापल्यास, प्रत्येकीखाली पेन्सिलीने आकडा घातलास, १/२०, २/२०. मग तुला छपाई शिकवणाऱ्या सरांच्या शिस्तीप्रमाणे पत्र्यावर आडवी खोल रेघ ओढलीस, पुन्हा कुणी छापू नये म्हणून. रेघ नेमकी माझ्या गळ्यावरून गेली. मी रडायलाच लागले, तर तू म्हणालीस, वेडे, आता जगात तू वीसच!

पहिली प्रत तू मला लग्नात दिलीस. ती पाहून यांनी विचारलं, बाकीच्या एकोणीस कुणाकडे? मी मोठ्या कौतुकाने सगळी नावं सांगितली. कशी गं मी मूर्ख! आधी कॉलेज रोडच्या डॉक्टरांच्या दवाखान्यातली यांनी विकत आणली, मग सिन्नरच्या कापड दुकानातली, मग आपल्या वर्गातल्यांकडच्या एकेक करून. बायका म्हणायच्या, काय दर्दी नवरा मिळालाय, नशीब काढलंस. मीही हुरळले होते. वाटलं, भिंतभर लावतील. एकही लावली नाही. सगळ्या पातळ कागदात गुंडाळून लोखंडी कपाटात, आणि किल्ली यांच्या जुडग्यात. एकदा विचारलं तर शांतपणे म्हणाले, "परक्याच्या भिंतीवर माझी बायको कशाला?" हे कधी ओरडत नाहीत, सवू. ओरडले असते तर निदान शेजाऱ्यांना कळलं असतं.

मग गच्चीला जाळी बसली, कबुतरांचं निमित्त करून. मग माझी बालवाडीची नोकरी सुटली, मग फोनला कुलूप लागलं. तुझं एकही पत्र येत नाही म्हणून मी तुझ्यावर रुसून बसले होते. दसऱ्याला विसावी प्रत आली, त्या दिवशी कपाट जरा वेळ उघडं राहिलं आणि खालच्या खणात तुझी पत्रं दिसली. एकही फोडलेलं नाही. मला माफ कर. तेवढ्यात केर काढता काढता साळूबाईंनी वरची प्रत पाहिली. "बाई, ही तूच ना गं? लय हसतेस हिच्यात." आत जाऊन घासलेलीच भांडी परत घासत बसले.

वाटलं, वीस झाल्या, संपलं आता. पण गेल्या आठवड्यात मुंबईचे एक चित्रांचे व्यापारी जेवायला आले आणि सहज सांगून गेले, की चित्रकार मोजणीबाहेरची एक प्रत स्वतःजवळ ठेवतोच. यांनी माझ्याकडे पाहिलं. मी मान खाली घातली आणि तिथेच चुकले.

रविवारी हे तुझ्याकडे येतायत. म्हणून हे पत्र. लपवू नकोस, भांडू तर मुळीच नकोस. ती एकविसावी प्रत यांना देऊन टाक, वर चहाही पाज. मी सगळीच्या सगळी यांच्या कपाटात आले, अशा खुशीत यांना घरी येऊ देत. यांची गाडी घाट उतरली की खिडकीतला पत्रा काढ, शाई लाव आणि छाप. रेघेसकट छाप. ती गळ्यावरून गेलीय, हसण्याला लागलेली नाही. शाळेत लाव, पेठच्या स्टँडवर चहाच्या टपरीत लाव, एक साळूबाईंना दे. सरांची शिस्त एवढी एकदा मोड. किती छापल्यास ते मलाही सांगू नकोस, आणि खाली आकडा घालू नकोस.

तुझीच,
आशा